रद्दीच्या काट्यावर

दिवाळी जवळ आली की आमच्या गावात दोन माणसांना भाव येतो. एक भाजणी दळून देणारा गिरणीवाला आणि दुसरा रद्दीवाला. गिरणीपुढे डब्यांची रांग लागते आणि रद्दीवाल्यापुढे पोत्यांची. घरोघर माळे रिकामे होतात, ट्रंका खाली उतरतात, आणि वर्षभर जे टाकायला हात धजला नाही ते लक्ष्मीपूजनाच्या आत घराबाहेर जाते. लक्ष्मी यायची तर घर स्वच्छ हवे, यात वाद नाही. पण याच आठ दिवसांत आपण घरच्या सरस्वतीला किलोच्या भावाने विकतो, ही गोष्ट मला सणाच्या तोंडावर सांगायची आहे. कुणी म्हणेल, हे काय दिवाळीत! तर नरकचतुर्दशीला अंगणात कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायची आपली रीत आहेच. हा लेख म्हणजे ते कारीट समजा. चकल्या-करंज्या पुढे आहेतच.

मी दहावी झाले, म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत मॅट्रिक. पुढे शिकायची ऐपत नव्हती. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला आपल्या बालवर्गावर घेतले आणि आज पंचवीस वर्षे मी तिथेच मुळाक्षरे गिरवून घेते. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित बाईंनी लाल शाईने तपासून दिले होते आणि शेवटच्या पानावर शेरा मारला होता, "नायिका फार रडते. तिला काहीतरी काम दे."

या बाईंचे नाव मी इथे देत नाही. मुलींसाठी वेगळी शाळा म्हणजे काय थेर, असे गाव म्हणत असताना त्यांनी एका पडक्या धर्मशाळेत अकरा मुली घेऊन वर्ग सुरू केला. त्या कथा लिहीत, मासिकांकडे पाठवीत. काही छापून येत, काही साभार परत येत. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घेऊन त्या तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या चढत. लेखिका, शिक्षिका आणि बायकांच्या बाजूने भांडणारी, अशी तीन माणसे त्या एका नऊवारीत होती.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बाई गेल्या. मूलबाळ नव्हते. पुतण्या शहरातला, सज्जन माणूस. नवरात्र उलटल्यावर घर आवरायला आला. मला फोन केला, "बाई, पुस्तकं हवी असतील तर घेऊन जा. तुमच्या शाळेला उपयोगी पडतील."

मी विचारले, "आणि कागद?"

"कागद काही नव्हते हो. नुसती रद्दी होती. सकाळीच दिली."

मी चपला अडकवल्या आणि रद्दीच्या दुकानाकडे पळाले. अर्धे पोते तोवर फुटले होते. भडभुंज्याच्या पोराने वरचा गठ्ठा उचलून नेला होता. रद्दीवाला बिचारा ओशाळला. त्याची मुलगी आमच्याच शाळेत शिकलेली. म्हणाला, "बाईंचे कागद होते होय? सगळे मिळून अकरा किलो भरले होते." अकरा मुलींनी सुरू झालेली ती शाळा, आणि शेवटी अकरा किलो! योगायोगच, पण तो आकडा त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

हाताला लागल्या त्या एक जाड वही आणि पत्रांची एक पुडकी. वही उघडली आणि दुकानाच्या पायरीवरच बसले. ती शाळेची हजेरी नव्हती, गैरहजेरी होती. कोणती मुलगी कोणत्या महिन्यात शाळेतून गेली आणि का, याची नोंद बाईंनी वर्षानुवर्षे ठेवली होती. "लग्न ठरले." "आईचे बाळंतपण, धाकटी भावंडे सांभाळते." "आईबाप ऊसतोडीला गेले." "पहिल्यांदा बाहेर बसली, आता पाठवणार नाहीत म्हणतात." काही नावांपुढे, "घरी गेले. बाप बोलला नाही. पुन्हा जाईन." आणि तीन-चार ठिकाणी, "परत आली!" हे उद्गारचिन्ह बाई शुद्धलेखनात फार क्वचित खपवून घेत.

मुलींची शाळा का सुटते यावर सरकारी अहवाल पुष्कळ निघतात. पण एका गावातल्या मुलींची नावानिशी, कारणानिशी आणि दार ठोठावणाऱ्या बाईच्या हातची नोंद कोणत्या अहवालात मिळेल? ही वही वाचली म्हणून सांगते. भडभुंज्याच्या पुड्यांत काय गेले ते मला कधीच कळणार नाही.

ती वही आणि पत्रे घेऊन मी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथसंग्रहालयात गेले. नाव सांगत नाही, कारण दुसरीकडे वेगळे उत्तर मिळाले असते असा मला भरवसा नाही. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी विचारले, "मॅडम, या कोण? पुस्तकं किती यांची? पुरस्कार वगैरे?" मी म्हटले, "पुस्तक एकही नाही. शाळा आहे." त्यांनी वही न उघडता माझ्याकडे सरकवली. "जागेची अडचण आहे हो," म्हणाले. त्यांच्या मागच्या भिंतीवर एका संस्थानिकाच्या शिकारीच्या फोटोंचे आल्बम काचेच्या कपाटात मांडलेले होते.

तेव्हा माझे भांडण एका पुतण्याशी किंवा एका कारकुनाशी नाही. बाईचा कागद म्हणजे कागदच नव्हे, या आपल्या सगळ्यांच्या समजुतीशी आहे. आणि ही समजूत आपल्याला किती महागात पडली आहे, ते आपल्याच इतिहासातून दाखवते.

ताराबाई शिंदे घ्या. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःचे मूल मारल्याचा खटला झाला, आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्यावर बुलढाण्याच्या या बाईने ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून १८८२ साली पुण्यात छापली. प्रती ५००, किंमत नऊ आणे. तिच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा १८८५ साली ‘सत्सार’मध्ये जोतीराव फुले तिच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर हे पुस्तक विस्मरणात गेले ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. म्हणजे ९३ वर्षे. बरे, पुस्तक छापलेले होते म्हणून कुठेतरी एखादी प्रत तग धरून राहिली. तिच्या हातचा दुसरा मजकूर मात्र आपल्यापाशी काही नाही. असली लेखणी असलेली बाई एक पुस्तक लिहून जन्मभर गप्प बसली असेल काय? तिने कुणाला पत्र लिहिले नसेल, हिशेबाच्या वहीच्या मागे चार ओळी खरडल्या नसतील? मला तसे वाटत नाही. मला वाटते, कुणीतरी एका दिवाळीला माळा साफ केला असेल.

मुक्ताबाईचेही तेच. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तो आपल्याला आज वाचता येतो, कारण मिशनऱ्यांनी आपले पत्र छापले आणि त्याचे अंक सांभाळले. पुढे त्या मुलीने काय लिहिले, लिहू दिले की नाही, याचा मागमूस नाही.

आता पंडिता रमाबाई पाहा. लेखिका, शिक्षिका, स्त्रियांची कैवारी, ही तिन्ही विशेषणे त्यांना लावायला कुणी हरकत घेणार नाही. १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या, पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात गेल्या. १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले, त्यानंतर केडगावचे मुक्तिसदन उभारले. १९२२ साली त्या वारल्या.

वाँटेजच्या मठात सिस्टर जेराल्डिन नावाची एक जोगीण होती. रमाबाई पत्रांत तिला ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंशी रमाबाईंचे पुढे चांगलेच वाजले. ख्रिस्ताला मानले म्हणून आपला विवेक कुणा धर्मगुरूच्या हवाली करायला रमाबाई तयार नव्हत्या. त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या पत्रांतून तडफेने भांडल्या. असली पत्रे कुणीही चुलीत घातली असती. पण या जोगिणीने ती सगळी जपून ठेवली, लावून ठेवली, त्यांवर आपल्या टिपा लिहिल्या. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्राच्याच साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली, आणि आपल्याला आपलीच पंडिता जरा जवळून दिसली. जिच्याशी भांडण झाले, तिने पत्रे जपली. ज्यांच्यासाठी ती बाई झिजली, त्या आपल्या घरांतून तिची किती पत्रे निघाली?

डॉक्टर आनंदीबाई जोशांची हकीकतही याच वळणाची. न्यूजर्सीतल्या श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, १८८७ साली पुण्यात वारल्या. प्रवेशासाठी त्यांनी केलेला अर्ज त्या महाविद्यालयाच्या दप्तरात आजही सुखरूप आहे. हा अर्ज करताना ती मुलगी अठरा वर्षांची होती. असल्या पोरीच्या अर्जाचा कागद आपण ठेवला असता? आपल्या शाळा-कॉलेजांत पंचवीस वर्षांपूर्वीचे अर्ज दाखवा म्हणून विचारून पाहा!

इथे एक शहाणा वाचक मला अडवील. म्हणेल, "म्हणजे परके चांगले आणि आपण वाईट, असेच ना?" नाही, भाऊसाहेब. परक्यांनी जपले ते त्यांच्या कारणासाठी. सिस्टर जेराल्डिनच्या टिपा वाचल्या तर रमाबाई गर्विष्ठ आणि हट्टी होत्या असेच तिला दाखवायचे आहे, हे लपत नाही. कागद ज्याच्या कपाटात, गोष्ट त्याच्या तोंडची. मला भीती आहे ती हीच. आपल्या बायकांचे कागद आपण ठेवले नाहीत तर त्यांची गोष्ट नेहमी दुसरा कुणीतरी सांगणार; मग तो परदेशी असो, नवरा असो, की गौरवग्रंथाचा संपादक असो.

आणि कागद जपणे आपल्याला येत नाही असेही नाही. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले, वाड्यांच्या अडगळीतून कागद सोडवले, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे २२ खंड उभे राहिले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. सरदाराने घोड्याच्या दाण्याचा हिशेब लिहिला तर ते ऐतिहासिक साधन झाले, आणि ते योग्यच झाले. मग बाईने घरातल्या दाण्याचा हिशेब लिहिला तर ती रद्दी का? घोड्याने खाल्लेले दाणे तेवढे मोलाचे आणि मुलांनी खाल्लेले फुकट, हा न्याय कुठला?

यावर जी उत्तरे मिळतात ती मी घरोघर ऐकली आहेत. पहिले उत्तर, "बायकांच्या कागदांत असतं काय? वाणसामानाच्या याद्या आणि पाककृती." असू देत. आमच्या बाईंच्या कथांचे कच्चे खर्डे जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागल्या बाजूला लिहिलेले होते. त्या वेळी त्यांना कोरा कागद परवडत नव्हता, हे त्या मागल्या बाजूवरून कळते. छापील कथेवरून कळत नाही.

दुसरे उत्तर, "छापलंय ना सगळं? मग कागद कशाला?" छापताना काय गाळले ते कागदावरच राहते. काशीबाई कानिटकर या आपल्या पहिल्या नामांकित लेखिकांपैकी. १९४८ साली त्या गेल्या. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या हयातीत छापले गेले नव्हते. ते सरोजिनी वैद्यांनी त्यांच्या चरित्रासह संपादून प्रसिद्ध केले तेव्हा मधे तीस वर्षे उलटून गेली होती. ती तीस वर्षे कुणीतरी ते कागद टाकून दिले नाहीत, म्हणूनच काशीबाई स्वतःच्या तोंडाने आपल्याशी बोलू शकतात. तीसमधल्या कुठल्याही एका दिवाळीला कुणाचा हात चालला असता तर?

तिसरे उत्तर सगळ्यांत अवघड आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. "घरची धुणी चव्हाट्यावर कशाला धुवायची? आईच्या पत्रात आत्याबद्दल नाही नाही ते लिहिलंय." खरे आहे. विभावरी शिरूरकर या नावाआडून मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिले, तेव्हा गहजब झाला तो किती! बाईला आपले नाव लपवावेसे वाटते, कधी आपली डायरी आपल्या हाताने जाळावीशी वाटते, आणि तो तिचा हक्क आहे. तिने जाळले असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. पण तिने जाळले नाही, उलट रेशमी दोऱ्याने बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवले, ते जाळण्याचा अधिकार पुतण्याला कुणी दिला? राहिली गोष्ट चव्हाट्याची. कागद संस्थेकडे देताना अमुक वर्षे उघडू नयेत अशी अट घालता येते; जगभर तशी वहिवाट आहे. आत्याची अब्रू तोवर सुरक्षित राहते, आणि आत्याची नातच पुढे ती पत्रे डोळ्यांत पाणी आणून वाचते.

चौथे उत्तर, "हे सरकारचं काम आहे." सरकारने करावे, जरूर करावे. जिल्ह्याच्या ग्रंथालयात संस्थानिकाच्या शिकारीला कपाट मिळते तर तालुक्यातल्या शाळा काढणाऱ्या बाईला एक फळी मिळालीच पाहिजे, आणि ती आपण मागितली पाहिजे. मुंबईत १९८८ साली ‘स्पॅरो’ नावाचे स्त्रियांविषयीचे अभिलेखागार काही बायकांनीच मिळून उभे केले. तमिळ लेखिका अंबई, म्हणजे सी. एस. लक्ष्मी, त्यांतल्या एक. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापलेल्या महिला विद्यापीठातही स्त्रियांच्या अभ्यासाचे केंद्र १९७४ पासून आहे. पण वाचकहो, कुठलेही अभिलेखागार माळ्यावर चढून तुमची ट्रंक उतरवू शकत नाही. ते काम घरच्याच माणसाचे आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालण्यात अर्थ नाही.

तेव्हा यंदा एवढे करा. ट्रंक उतरली की आधी तिच्यापाशी एक दुपार बसा. हाताने लिहिलेले सगळे बाजूला काढा. पत्रे ज्या क्रमाने बांधलेली सापडतील तो क्रम मोडू नका; तो क्रम तिने लावला आहे. गंजलेल्या टाचण्या काढा, पण फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, ती पुढे कागद खाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यात बांधा, पूर्वी दप्तरे बांधीत तशी. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा, आणि ती आजच लिहा, कारण ओळखणारी आजी पुढच्या दिवाळीला असेलच असे नाही. आणि एका कागदावर, ही बाई कोण, कुठे जन्मली, काय केले, एवढे दहा ओळींत लिहून वर ठेवा. उद्या कुणी टेबलापलीकडून "या कोण?" असे विचारले तर निदान उत्तर तयार असेल.

माझ्यापुरते सांगायचे तर बाईंची वही अजून माझ्याच कपाटात आहे. तिच्यातल्या मुलींचा मी एकेक करून शोध घेते आहे. परवा एक भेटली. बाजारात भाजी विकते. तिच्या नावापुढे बाईंनी तीनदा "पुन्हा जाईन" लिहिले आहे. मी तिला ते पान दाखवले. तिला आपले नाव वाचता आले, पुढचे मी वाचून दाखवले. ती म्हणाली, "चौथ्यांदा पण आल्या होत्या हो बाई. आम्ही दार उघडलं नाही." एवढे बोलून तिने पाटीतली मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत. ती चौथी खेप आता मी वहीत पेन्सिलीने, माझी सही करून, लिहून ठेवली आहे.

आणि आमच्या रद्दीवाल्याने एक नेम केला आहे. पोते रिकामे करताना हाताने लिहिलेले काही दिसले की तो ते काट्यावर घालत नाही. फळीवर बाजूला ठेवतो आणि शाळा सुटताना मला हाक मारतो. गेल्या वर्षात तीन वह्या आणि एक डायरी अशी त्याने मला दिली. रद्दीवर ज्याचे पोट चालते त्याला हे कळले. आता शिकल्यासवरल्या घरांनी मनावर घ्यायचे तेवढे राहिले आहे.